आकडे बाहेर आणणारा कॅमेरा

निकॉन झेडएफ बंद असतानाही वाचता येतो. बॅटरी काढून टेबलावर ठेवला तरी वरून पाहणाऱ्याला कळतं, की शटर १/१२५ वर आहे, आयएसओ ४०० आहे आणि एक्स्पोजरची भर-घट शून्यावर आहे. आजचे बहुतेक कॅमेरे बंद केले की मुके होतात. त्यांच्या अंगावर दोन-तीन गुळगुळीत चाकं असतात आणि त्यांवर काहीच लिहिलेलं नसतं; कोणतं चाक आत्ता काय बदलतंय हे स्क्रीन उजळल्याशिवाय समजत नाही. झेडएफने ते आकडे आतून काढून पुन्हा धातूवर आणले. जुन्या वळणाचा म्हणून या कॅमेऱ्याचं जे कौतुक होतं, त्यातलं बरंचसं त्याच्या रूपाचं असतं आणि रूप देखणं आहेच. मला मात्र त्याचा खरा रस त्या आकड्यांत सापडतो. बाहेरचा आकडा आणि आतला कारभार जिथे एक असतो तिथे हा कॅमेरा फार सुंदर आहे. आकडा एक सांगतो आणि आत वेगळंच चाललेलं असतं, किंवा जिथे आकडा असायलाच हवा तिथे तो नसतो, तिथे हा कॅमेरा उणा पडतो. त्याचे गुण आणि दोष दोन्ही या एकाच जागी उगम पावतात, म्हणून तो नुसता वापरण्यापेक्षा वाचून पाहावासा वाटतो.

झेडएफ सप्टेंबर २०२३ मध्ये आला. याच वळणाचा छोट्या सेन्सरचा झेडएफसी २०२१ मध्ये येऊन गेला होता, आणि त्याही आधी, २०१३ मध्ये, डीएफ नावाचा डीएसएलआर. तिघांचीही नजर निकॉनच्या फिल्मच्या जमान्याकडे. झेडएफचा थेट पूर्वज १९८२ चा एफएम२. तो कॅमेरा कसा होता हे ठाऊक असल्याशिवाय झेडएफचं मोल ठरवता येत नाही.

एफएम२ पूर्णपणे यांत्रिक होता. त्यातल्या दोन चिमुकल्या बॅटऱ्या फक्त प्रकाश मोजायच्या कामाच्या. त्या संपल्या तरी शटर चालतच राही, अगदी १/४००० सेकंदापर्यंत. त्या काळी हा वेग थक्क करणारा होता आणि तो गाठण्यासाठी टायटॅनियमची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी कोरलेली पाती वापरलेली होती. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत आपल्याकडच्या वृत्तपत्रांतल्या कितीतरी छायाचित्रकारांच्या खांद्यावर एफएम२ असे, त्याचं कारण हेच. पावसात, धुळीत, मिरवणुकीच्या गर्दीत तो बंद पडत नसे. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावला की अधिक, शून्य आणि वजा अशी तीन लाल चिन्हं. त्यांतलं मधलं पेटलं की प्रकाश बरोबर. वरच्या बाजूला आणखी एक गंमत होती. लेन्सच्या रिंगवर कोरलेला ॲपर्चरचा आकडा एका छोट्या झरोक्यातून थेट डोळ्यांना दिसे. त्यासाठी निकॉनच्या त्या काळातल्या लेन्सवर ॲपर्चरचे आकडे दोन ओळींत कोरलेले असत: मोठी ओळ हातात धरून पाहणाऱ्यासाठी, बारीक ओळ त्या झरोक्यासाठी. म्हणजे ॲपर्चरचा आकडा एकाच ठिकाणी राही, लेन्सवर. कॅमेरा तिथे जाऊन तो बघून येई. ही बारीक ओळ लक्षात ठेवायला हवी, कारण झेडएफची सगळ्यात मोठी उणीव बरोबर त्या जागी आहे.

आता झेडएफची वरची बाजू डावीकडून उजवीकडे, ओळ वाचावी तशी वाचू.

डावीकडे आयएसओची तबकडी, १०० पासून ६४००० पर्यंत. एफएम२ मध्ये या जागी रीळ गुंडाळायची कळ असे. फिल्मची संवेदनशीलता तिथे शटरच्या तबकडीतल्याच एका इवल्या खिडकीत दडलेली होती, आणि ते योग्यही होतं. कारण एकदा रीळ भरलं की छत्तीस फोटो संपेपर्यंत त्या आकड्याला हात लावायचं कारणच नसे. डिजिटलमध्ये तो आकडा दर फोटोला बदलता येतो. निकॉनच्या रचनाकारांनी हे नीट ओळखलं. रीळ गुंडाळायची गरज गेली, त्या जागेवर आज सगळ्यात जास्त बदलणारी गोष्ट आणून बसवली. नुसती नक्कल करायची असती तर तिथे एक शोभेची कळ लावूनही भागलं असतं. जुन्या रूपाच्या अनेक वस्तूंमध्ये तसं झालेलं दिसतंच.

मधोमध उंचवटा. एफएम२ मध्ये तिथे काचेचा पाच पैलूंचा प्रिझम होता, उलटी प्रतिमा सुलटी करणारा. झेडएफमध्ये प्रिझम नाही, आरसाही नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवला आहे, आणि त्यातून प्रतिमा मोठी व मोकळी दिसते. उंचवट्यावर ‘निकॉन’ हे नाव जुन्या सरळ अक्षरांत, आजच्या तिरप्या अक्षरांत नाही. हा भाग शुद्ध आठवणीचा आहे. त्याबद्दल तक्रार करावी असं मला वाटत नाही. अक्षरं सुबक आहेत आणि काळ्या रंगावर शोभतात.

उजवीकडे शटरची तबकडी: १/८००० पासून ४ सेकंदांपर्यंत, मग बी, टी आणि एक्स. शेजारी शटरचं बटण. त्याच्या पलीकडे भर-घटीची तबकडी, उणे तीन ते अधिक तीन. तबकड्या पितळेच्या आहेत, आकडे कोरून रंग भरलेले. बोटाच्या चिमटीत धरून फिरवताना प्रत्येक टप्पा स्पष्ट अडतो आणि सुटतो. हा आवाज आणि हा अडसर निव्वळ सुखाचा असतो असं मानू नये. त्याने न बघता मोजता येतं: १/१२५ वरून दोन खटके अलीकडे आलो की १/३०, दोन पलीकडे गेलो की १/५००. सरावाने बोटांना कोष्टक पाठ होतं. एरवी स्क्रीनवर धावणाऱ्या आकड्यांकडे डोळे लागलेले असतात, ते इथे माणसांकडे राहतात.

शटरच्या तबकडीखाली एक बारीक खटका आहे. त्याच्या तीन जागा: फोटो, कृष्णधवल, व्हिडिओ. हा खटका मला संपूर्ण कॅमेऱ्यातला सर्वात बुद्धिमान भाग वाटतो आणि गंमत अशी, की तो एफएम२ वर असणं शक्यच नव्हतं. तिथे कृष्णधवल हवं तर रीळच तसं भरावं लागे. ऑलिंपसच्या २०१६ च्या पेन-एफवर पुढच्या बाजूला या धर्तीची एक तबकडी होती, आणि लायकाने २०१२ मध्ये तर रंग न ओळखणाऱ्या सेन्सरचा आख्खा कॅमेराच काढला. पण मधल्या जागेवर, बोटाखाली, फोटो आणि व्हिडिओच्या बरोबरीने कृष्णधवलला मान देणं ही झेडएफची स्वतःची कल्पना आहे.

हा खटका काय करतो ते पुण्यात, कसबा पेठेतल्या तांबट आळीत मला नीट कळलं. आत उजेड कमी, एका बाजूने दारातून येणारा. कारागीर लोखंडी आधारावर घंगाळ उपडं घालून मठारकाम करत होता. मठारकाम म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकाला लागून एक असे ठोके देत जाणं; त्याने तांब्याला कडकपणा येतो आणि पृष्ठभागावर चकाकत्या टिकल्यांच्या रांगा उमटतात. ४० मिलिमीटरची एफ/२ लेन्स लावलेली होती. कॅमेरा पोटाशी असतानाच आयएसओ ३२०० वर नेला आणि शटर १/१२५ वर, म्हणजे भांडं स्थिर राहील आणि हातोडा किंचित पुसट येईल. डोळ्याला लावला तेव्हा दिसलं ते सगळं लाल. तांब्याचा रंग इतका जबर की चौकटीत दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती. खटका मधल्या जागेवर ढकलला. लाल नाहीसा झाला आणि त्याखालून ठोके वर आले. मग सेटिंगमध्ये हिरव्या फिल्टरचा परिणाम निवडला. हिरवा फिल्टर लाल वस्तूला काळवंडवतो, त्यामुळे तांबं गडद झालं आणि प्रत्येक ठोक्याच्या टोकावरचा उजेडाचा ठिपका सुटा दिसू लागला. फोटो मागच्या स्क्रीनवर दाखवला तेव्हा कारागिराने रंग कुठे गेला असं विचारलं नाही. वरून तिसऱ्या रांगेत एक ठोका अर्ध्या दाण्याएवढा खाली सरकला होता, त्याने तिथे बोट ठेवलं.

रॉ फाइलमध्ये रंग तसेच शाबूत असतात, हे इथे सांगायला हवं. घरी आल्यावर तोच फोटो पुन्हा लालभडक करता येतो. म्हणून काही जण म्हणतात, की या खटक्याला अर्थ काय, कृष्णधवल नंतरही करता येतंच की. मला ते पटत नाही. फाइल बदलत नाही हे खरं, पण फोटो काढण्याआधीची नजर बदलते. व्ह्यूफाइंडरमध्ये रंगच दिसत नसेल तर माणूस उजेडाच्या मागे जातो, दोन पावलं डावीकडे सरकतो, वेगळ्या क्षणी बटण दाबतो. नंतर संगणकावर रंग काढून टाकला तर चुकीच्या जागी उभं राहून काढलेला फोटो तेवढा कृष्णधवल होतो. झेडएफमध्ये साध्या कृष्णधवलाखेरीज एक सौम्य उतरणीचा आणि एक खोल छटांचा असे आणखी दोन प्रकार दिले आहेत. दुपारच्या कडक उन्हात सौम्य प्रकार कामाचा, सावल्या त्यात मरत नाहीत.

आता ज्या जागी आकडा खोटं बोलतो तिथे येऊ. आयएसओच्या तबकडीखाली आणखी एक खटका आहे: ऑटो, पी, एस, ए, एम. तो ‘ए’वर नेला, म्हणजे ॲपर्चर आपण ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्याने, की शटरची भलीमोठी देखणी तबकडी निकामी होते. ती १/१२५ दाखवत राहते आणि आत शटर १/२००० वर चाललेलं असतं. हौशी छायाचित्रकारांत ‘ए’ ही बहुतेकांची रोजची पद्धत. म्हणजे ज्याने हा कॅमेरा या तबकडीसाठी घेतला, त्याच्या हातात ती निम्मा वेळ नुसती कोरीव वस्तू म्हणून राहते. शटरच्या तबकडीवर ‘१/३ स्टेप’ अशीही एक जागा आहे. तिथे नेली की शटर नेहमीच्या बिनआकड्यांच्या चाकाकडे जातं. आयएसओ ‘सी’वर नेला की तोही चाकाकडे. ऑटो आयएसओ चालू केला तर तबकडीवरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांची फारकत होते. हे सगळे पर्याय सोयीचे आहेत, मी स्वतः वापरतो. पण तबकडीचं वचन त्यांनी पातळ होतं.

फुजीफिल्मने हाच प्रश्न किती निराळ्या रीतीने सोडवला ते पाहण्यासारखं आहे. एक्स-टी५ वर पी-एस-ए-एम असा खटकाच नाही. शटरच्या तबकडीवर आकड्यांबरोबर एक ‘ए’ आहे आणि बहुतेक एक्सएफ लेन्सच्या ॲपर्चर रिंगवरही एक ‘ए’. शटर ‘ए’वर ठेवून रिंग एफ/४ वर नेली की झाली ॲपर्चरची पद्धत. उलट केलं की शटरची. दोन्ही ‘ए’वर, तर सगळं कॅमेऱ्याकडे. दोन्ही आकड्यांवर, तर सगळं आपल्याकडे. चार पद्धती दोन ठिकाणांतून आपोआप निघतात आणि शटर कॅमेऱ्याकडे असताना तबकडी खोटा आकडा दाखवत नाही, ‘ए’ दाखवते. हे व्याकरण फुजीने शोधलेलं नाही, फिल्मच्या काळातच ते रुळलेलं होतं. पण फुजीने ते जपलं. निकॉनने एफएम२ चा चेहरा घेतला, आणि एफएम२ मध्ये तर स्वयंचलित पद्धत नव्हतीच, त्यामुळे ही अडचण तिथे उद्भवली नव्हती. झेडएफमध्ये नव्या सोयी आल्या तेव्हा जुन्या चेहऱ्याला त्या कशा सामावतील याचा शेवटपर्यंत विचार झाला नाही. माझ्या मते रचनेतली ही खरी चूक आहे आणि ती काही साध्या अपडेटने सुटणारी नाही, कारण ‘ए’ पितळेत कोरलेला असावा लागतो.

आणि मग ॲपर्चर. शटरच्या बटणाशेजारी नखाएवढी एक खिडकी आहे, तिच्यात एफ/२, एफ/२.८ असे आकडे उमटतात. मला ही खिडकी प्रथम पाहिली तेव्हापासून आवडते आणि तिचं असणं मनाला लागतंही. ती कबुली आहे. झेडएफच्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग नाही, म्हणून तो आकडा कुठेतरी दाखवणं भाग होतं. झेडएफबरोबर मिळणारी ४० मिलिमीटरची खास आवृत्ती जुन्या लेन्सची आठवण देणाऱ्या खाचांनी सजवलेली आहे, पण तिच्यावर एकच रिंग आहे आणि त्या रिंगवर आकडा नाही, खटका नाही. ती फोकसला वापरता येते किंवा सेटिंगमधून ॲपर्चरला जोडता येते. जोडली तरी ती गुळगुळीत फिरते, थांबत कुठेच नाही. एक्स्पोजर हे तीन आकड्यांचं गणित. त्यांतले दोन कोरलेले, हाताला लागणारे, कॅमेरा बंद असतानाही उभे. तिसरा, आणि फोटोच्या स्वभावावर सर्वांत जास्त हुकमत असलेला, द्रवस्फटिकाच्या खिडकीत, कॅमेरा चालू असेपर्यंतच. एफएम२ मध्ये कॅमेरा लेन्सकडे डोकावून आकडा वाचत असे. इथे लेन्सला स्वतःचा आकडा सांगता येत नाही, तिच्या वतीने कॅमेरा बोलतो. जुन्या वळणाच्या कॅमेऱ्याचा अर्धा जीव लेन्समध्ये असतो हे निकॉनला कोणी शिकवायची गरज नव्हती.

हातात धरल्यावर आणखी एक गोष्ट जाणवते. पुढे ग्रिप जवळजवळ नाहीच. बॅटरी आणि कार्डासह वजन ७१० ग्रॅम. एफएम२ ५४० ग्रॅमचा होता. छोट्या लेन्सबरोबर दोन्ही हातांत तो सुरेख बसतो, डावा तळवा खाली घेऊन धरायची जुनी सवय असेल तर विशेषच. पण २४-७० एफ/२.८ सारखी जाडजूड लेन्स लावली की पुढचा भार उजव्या हाताच्या तीन बोटांवर येतो आणि लग्नासारख्या दिवसभराच्या कामात मनगट बोलू लागतं. बाजारात वेगळी जोडायची ग्रिप मिळते. ती लावली की धरणं सुधारतं, रूप बिघडतं. लग्नाची कामं करणाऱ्यांनी आणि पक्ष्यांमागे जाणाऱ्यांनी याच घराण्यातला झेड६-३ घ्यावा, तो हाताला जास्त प्रामाणिक आहे. फोकसचा बिंदू सरकवायला झेडएफवर जॉयस्टिक नाही, चार दिशांच्या बटणावर भागवावं लागतं. व्हिडिओसाठी मायक्रो एचडीएमआयची नाजूक जागा. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर जास्त थांबण्यासारखं काही नाही.

कार्डाच्या जागेवर मात्र थांबायला हवं. दोन जागा आहेत, दोन्ही तळाशी, बॅटरीच्या दाराआड. एक नेहमीच्या एसडीची, वेगवान. दुसरी मायक्रोएसडीची, मोबाइलमध्ये घालतात तसल्या नखाएवढ्या कार्डाची, आणि ती हळू. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणं ही चैन नाही, ज्याच्या पुढे न परतणारा प्रसंग असतो त्याची ती गरज आहे. मायक्रोएसडी कार्ड बॅटरीशेजारच्या फटीतून बोटाने काढणं चालत्या गाडीत किंवा पावसात जवळजवळ अशक्य. ट्रायपॉडची पट्टी तळाला लावलेली असेल तर दार उघडत नाही हे वेगळंच. सगळ्या बाह्यांगावर इतका जीव ओतलेल्या वस्तूत ही जागा घाईने केलेली वाटते.

आतलं यंत्र उत्तम आहे. २४.५ मेगापिक्सेलचा पूर्ण चौकटीचा सेन्सर आधीच्या झेड६-२ मधलाच, पण त्याला निकॉनच्या वरच्या कॅमेऱ्यांतला एक्सपीड ७ प्रोसेसर मिळाला आणि फोकसची जात बदलली. माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, विमान, आगगाडी, सायकल अशी ओळख तो अंधुक उजेडातही पटापट करतो. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा आठ टप्प्यांपर्यंत साथ देते, आणि तिच्यात एक नवा विचार आहे. हात थरथरला की चौकटीचा मध्य आणि कोपरा सारखेच हलत नाहीत, रुंद लेन्समध्ये तर कोपऱ्याची हालचाल निराळी असते. एरवी मध्य धरून स्थैर्य दिलं जातं. झेडएफ फोकसचा बिंदू जिथे आहे ती जागा मध्य मानतो. संध्याकाळच्या घाटावर, चौकटीच्या एका टोकाला दिवा लावणारी बाई ठेवून १/८ सेकंदाला फोटो काढणाऱ्याला याचा फायदा फोटो मोठा केल्यावर दिसतो. कॅमेऱ्याच्या अंगावर कुठेही न लिहिलेला हा गुण माझ्या दृष्टीने त्याच्या मोठ्या गुणांपैकी आहे.

मागची स्क्रीन पूर्ण फिरते, बाजूला उघडून वळवता येते. ती उलटी मिटून टाकली की कॅमेऱ्याच्या पाठीवर स्क्रीन उरत नाही. फोटो काढला की लगेच बघायची सवय तिथे तुटते. बाहेर फिरताना मी तो बहुतेक असाच ठेवतो, आणि ज्यांनी घेतला आहे त्यांनी एखादी सकाळ हे करून पाहावं असं मनापासून सांगेन. तबकड्यांवरचे आकडे अशा वेळी खरे उपयोगी पडतात, कारण दुसरीकडे पाहायला काही उरत नाही.

राहता राहिली लेन्स. निकॉनचा एफटीझेड नावाचा जोड लावला की १९७७ नंतरच्या जुन्या एआय लेन्स झेडएफवर बसतात. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या दुकानांत अशा लेन्स अजून हाताळायला मिळतात. घेताना आतून उजेडासमोर धरून पाहाव्यात, कारण आपल्या दमट हवेत काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि ते काचेचा लेप खातात. चांगली ५० मिलिमीटरची मिळाली तर ती लावून पाहावी. कॅमेऱ्यात लेन्सचं नाभीय अंतर आणि सर्वांत मोठं ॲपर्चर नोंदवलं की हात स्थिर ठेवणारी यंत्रणाही तिच्यासाठी चालते. ॲपर्चरची रिंग परत येते, दोन ओळींतल्या आकड्यांसकट. आरसा नसल्यामुळे एक लाभ एफएम२ लाही नव्हता तो मिळतो: रिंग एफ/८ वर नेली की पाती खरोखर मिटतात आणि पुढचं-मागचं किती नीट येणार हे डोळ्यांसमोर दिसतं, व्ह्यूफाइंडर काळवंडतही नाही. फक्त कॅमेऱ्याला तो आकडा कळत नाही. बारीक ओळ वाचणारा झरोका आता नाही.

झेड माउंटसाठी कोसिना कंपनी फोइक्टलेंडर या नावाने ज्या लेन्स करते त्यांत ही फटही बुजते. त्यांतली ४० मिलिमीटर एफ/१.२ घ्या. फोकस हातानेच करायचा, पण ॲपर्चरची रिंग आहे, तिच्यावर आकडे कोरलेले आहेत, आणि लेन्सला विजेचे संपर्क असल्याने रिंगवरचा आकडा कॅमेऱ्यापर्यंत पोचून फोटोच्या माहितीत नोंदला जातो. फोकस जुळला की चौकट हिरवी होते. खटका ‘एम’वर ठेवला की शटर, आयएसओ आणि ॲपर्चर तिन्ही आकडे धातूवर, तिन्ही खरे. मी झेडएफ कसा असायला हवा असं म्हणतो तो हा, आणि त्यासाठी दुसऱ्या कंपनीच्या दारात जावं लागतं. निकॉनने रिंगवर आकडे असलेली, ऑटोफोकसची, छोटीशी ४० किंवा ५० मिलिमीटरची स्वतःची एक लेन्स करावी; रिंगवर शेवटी एक ‘ए’ कोरावा, पुढच्या झेडएफच्या शटरवरही एक कोरावा, आणि तो पी-एस-ए-एमचा खटका काढून टाकावा.